आभाळ वाचणारी माणसं कुठून येतात?

पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या तारावा या प्रवाळद्वीपावर भर दुपारचे बारा वाजलेले असतात आणि कॅरेबियन समुद्राच्या पूर्व कडेला, बार्बाडोस बेटावर, आदल्या रात्रीचे आठ. जगभरातल्या वेधशाळांनी ही वेळ आपसात ठरवून घेतलेली आहे. या सुमाराला पृथ्वीच्या पाठीवर शेकडो ठिकाणांहून एकेक फुगा आकाशात सोडला जातो. फुग्याला दोरीने लोंबकळणारं एक छोटं यंत्र असतं. मिनिटाला साधारण ३०० मीटर वेगाने फुगा चढत राहतो आणि यंत्र खाली कळवत राहतं : आता तापमान इतकं, ओलावा इतका, दाब इतका, वारा या दिशेचा. वर हवा विरळ होत जाते तसा फुगा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. सगळा प्रवास दोनेक तासांचा. बारा तासांनी पुन्हा नवा फुगा.

या फुग्यांचे आकडे कुणी विकत घेत नाही. सगळे देश ते एकमेकांना देतात. शीतयुद्धातही ही देवाणघेवाण थांबली नव्हती. माणसांनी एकत्र येऊन चालवलेल्या कामांमध्ये याच्याइतकं शांतपणे आणि नेमाने चाललेलं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

तारावा ही किरिबाटी या देशाची राजधानी. देशात ३३ बेटं आहेत आणि सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी भरते ८११ चौरस किलोमीटर. पण त्या देशाच्या हक्काचा समुद्र आहे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या भारताच्या भूभागाहून मोठा. लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात. एवढ्या अफाट पाण्यावर हवा वर काय करते आहे, हे हातात धरून मोजायचं तर फुगा सोडायला जागा कुठे? त्या चार-दोन बेटांवरच. महासंगणकावर चालणारं जगाचं हवामान प्रतिमान आजचं आभाळ नीट माहीत असेल तरच उद्याचं सांगू शकतं. समुद्रावरची अशी एखादी नोंद चुकली, तर तिची उणीव हजारो किलोमीटर दूरच्या अंदाजात जाणवते. तारावातला फुगा तारावापुरता नसतो.

मग साहजिकच वाटतं की बेटांनी आकडे पाठवावेत, युरोप-अमेरिकेतल्या संगणकांनी अंदाज काढावा आणि तो बेटांना कळवावा. दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूने स्वतःचे हवामानतज्ज्ञ घडवण्याचा खटाटोप कशासाठी करायचा?

उत्तर तुवालूच्या नकाशातच आहे. फुनाफुती द्वीपवलयातली मुख्य वस्ती ज्या फोंगाफाले पट्टीवर आहे, ती सुमारे १२ किलोमीटर लांब आणि अगदी रुंद जागीही ४०० मीटरच्या आसपास. जगातली उत्तमोत्तम प्रतिमानं पृथ्वीची जी चौकटजाळी करतात, तिच्यातली एक चौकट आज साधारण ९ किलोमीटरची असते. अशा चौकटींत ही चिंचोळी पट्टी हरवते. संगणकाच्या लेखी तिथे समुद्र आहे. घरं, विमानतळ, शाळा, नारळीची झाडं असलेला एक जिवंत देश त्याला दिसतच नाही. तो अंदाज त्या पट्टीवर उतरवण्याचं काम माणसालाच करावं लागतं.

बेटावरचं संकट नेहमी आकाशातून येतं असंही नाही. डिसेंबर २००८ मध्ये मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं अशा दूरदूरच्या किनाऱ्यांवर समुद्र घुसला. ज्या वादळाने त्या लाटा उठवल्या, ते फार लांब, उत्तर प्रशांतात होतं. लाटांचा एक विलक्षण नियम आहे. दोन लाटांमधलं अंतर वेळेत मोजलं आणि ते जितकं जास्त भरलं, तितकी ती लाटांची रांग खोल समुद्रात वेगाने पळते. सोळा सेकंदांच्या अंतराच्या लाटा तासाला सुमारे ४५ किलोमीटर धावतात. तीन हजार किलोमीटरवरचं वादळ असेल, तर त्यांना पोचायला तीन दिवसांहून थोडा कमी वेळ लागतो. लांब अंतराच्या लाटा आधी येतात, आखूड मागून. म्हणून सेकंद मोजणाऱ्या जाणत्या माणसाला निव्वळ किनाऱ्यावर उभं राहून सांगता येतं की लांब कुठेतरी समुद्र खवळला आहे. तीच लाट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी गाठ पडून आली तर गावात शिरेल आणि ओहोटीला आली तर खडकावर फुटून जाईल. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ चक्रीवादळ वनुआतूवर कोसळलं. त्याचं केंद्र तुवालूपासून शेकडो किलोमीटर दूर होतं. तरी त्याच्या लाटांनी तुवालूची जवळजवळ निम्मी माणसं घराबाहेर काढल्याचं तिथल्या पंतप्रधानांनी तेव्हा सांगितलं होतं.

आपल्या जागेचं आभाळ आपणच ओळखायचं, या विचाराला बेटांवर जुना इतिहास आहे. त्यातलं मला सर्वांत भावणारं नाव आहे फादर बेनितो विन्येस. हे स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू १८७० मध्ये हवानाच्या बेलेन महाविद्यालयातल्या वेधशाळेचे प्रमुख झाले. उपग्रह नाही, रडार नाही, बिनतारी संदेशही नाही. त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, वादळानंतर गावोगाव जाऊन पडझडीची दिशा पाहिली आणि विशेष म्हणजे फार उंचावरच्या पिसासारख्या तंतुमेघांचं निरीक्षण केलं. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच ही पिसं आकाशात पंख्यासारखी पसरतात आणि त्यांच्या रेषा जिथून फुटल्यासारख्या दिसतात, त्या बाजूला वादळाचं केंद्र असतं, हे त्यांनी ताडलं. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी चक्रीवादळाचा इशारा छापून आणला. दोनच दिवसांनी ते वादळ क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. पुढे त्यांनी कॅरेबियन बेटांवर निरीक्षकांचं तारेने जोडलेलं जाळं उभं केलं.

विन्येस १८९३ मध्ये वारले. सात वर्षांनी काय घडलं, ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. १९०० साली क्युबा अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. अमेरिकी हवामान खात्याने हवानाहून जाणाऱ्या क्युबन हवामानतारांवर बंदी आणवली. बेटावरच्या लोकांचे अंदाज त्यांना भाबडे, घबराट पसरवणारे वाटत होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला एक वादळ क्युबावरून गेलं. वॉशिंग्टनचं मत होतं की ते फ्लोरिडाकडे वळेल. विन्येस यांच्या परंपरेत तयार झालेल्या हवानाच्या निरीक्षकांना दिसत होतं की ते आखात ओलांडून टेक्सासकडे जाणार. ८ सप्टेंबरला ते टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरावर गेलं. त्या रात्री सुमारे आठ हजार माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीने एवढे बळी आजवर घेतलेले नाहीत.

आता आजच्या बेटावरच्या एका खुर्चीपाशी येऊ. दक्षिण प्रशांतात वादळाच्या पोटात शिरून वारा मोजणारी विमानं नेमाने उडत नाहीत. समुद्रावर मैलोन्‌मैल एकही वारामापक नाही. तरीही वादळाचा वारा किती, हे सांगावं लागतं. ते सांगण्याची रीत व्हर्नन ड्वोराक या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बसवली आणि ती इतकी सुंदर आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो. उपग्रहाच्या चित्रात वादळाचे ढग चकलीसारखे वळलेले दिसतात. त्या चित्रावर एक ठरावीक सर्पिल रेघ ठेवायची आणि ढगाचा पट्टा केंद्राभोवती किती वळला आहे, ते वर्तुळाच्या दशांशांत मोजायचं. निम्मा वळसा झाला असेल, तर वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. वळसा पूर्ण होत आला, तर सुमारे १००. मग डोळा उघडतो. डोळा किती उबदार आणि भोवतीच्या ढगांचे माथे किती थंड, यावरून पुढचा हिशेब. एक ते आठ अशी श्रेणी, अर्ध्या-अर्ध्या पायरीची. आठ म्हणजे ताशी सुमारे ३१५ किलोमीटर. वाऱ्याला न शिवता, हजारो किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या फोटोतल्या आकारावरून वाऱ्याचा वेग!

ही रीत नियमांच्या एका तक्त्यात बसते. पण तक्ता पाठ करून ती येत नाही. वादळ सहसा दिवसाला एक पायरी चढतं. आजचं चित्र दोन पायऱ्यांची उडी दाखवत असेल, तर चित्रावर विश्वास ठेवायचा की कालच्या आकड्याला धरून राहायचं? वरचे ढग एका बाजूला वाहून गेले असतील, तर खालचं केंद्र नेमकं कुठे आहे? दोन जाणत्या माणसांचं उत्तर अर्ध्या पायरीने वेगळं येऊ शकतं. याला शेकडो चित्रं, जुन्या वादळांचा अभ्यास आणि चुका दाखवून देणारा कुणीतरी शेजारी लागतो. २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळ, चक्रीवादळांच्या ताकदीच्या वेगळ्या, पाच श्रेणींच्या मोजपट्टीवर, जेमतेम सव्वा-दीड दिवसात पहिल्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेलं आणि डोमिनिका बेटावर आदळलं. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के नुकसान झालं. अशा वेळी विचार करायला तासच मिळतात.

या शिक्षणाचा खर्च कुणी करायचा? मला वाटतं, कॅरेबियन बेटांनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर जगाने अधिक कौतुकाने पाहायला हवं. बेलीझ आणि गयाना हे दोन मुख्य भूमीवरचे देश आणि बाकी सगळी बेटं, अशा १६ सरकारांची कॅरेबियन हवामान संघटना आहे. १९६७ मध्ये त्यांच्या गटाने बार्बाडोसवर स्वतःची हवामान संस्था काढली. ढगांची नोंद कशी करायची इथपासून वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या पदवीपर्यंतचं शिक्षण तिथे मिळतं. एकट्या माँटसेरातला किंवा एकट्या ग्रेनाडाला असं विद्यालय स्वप्नातही परवडलं नसतं. प्रत्येकाने आपला वाटा भरायचा, आपली माणसं पाठवायची आणि ती शिकून परत आली की सगळ्या बेटांवर एकाच पद्धतीने नकाशा वाचणारी माणसं बसलेली असतात. वादळ एका बेटावरून दुसऱ्यावर जातं, तेव्हा या एकाच शाळेचा अर्थ कळतो.

प्रशांतातली अंतरं इतकी अफाट आहेत की तिथे घडी वेगळी बसली. फिजीचं नादी हे शहर तिथलं ठाणं. १९९५ पासून विषुववृत्त ते २५ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या मोठ्या भागाच्या चक्रीवादळांची जबाबदारी जागतिक हवामान संघटनेने नादीच्या केंद्राला दिलेली आहे. किरिबाटी, तुवालू, नाऊरू, नीउए अशा शेजाऱ्यांसाठीही नादी अंदाज काढतं. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘विन्स्टन’ चक्रीवादळ टोंगापर्यंत जाऊन उलटं फिरलं आणि २० तारखेला थेट फिजीवर आलं, तेव्हा शेजाऱ्यांना सावध करणारी ही माणसं स्वतःच्या घरच्यांच्या काळजीत इशारे लिहीत होती. फिजीत ४४ माणसं गेली. होनोलुलूत हवाई विद्यापीठाच्या आवारातल्या अमेरिकी हवामान कार्यालयात, या शतकाच्या सुरुवातीपासून, प्रशांतातल्या बेटांसाठी एक प्रशिक्षण कक्ष चालतो. एका वेळी मोजकीच माणसं येतात आणि खऱ्या अंदाजकारांच्या शेजारी बसून काही आठवडे शिकतात. वर्गात शिकवणं आणि शेजारी बसवणं यांतला फरक ओळखून केलेली ही व्यवस्था आहे.

आणि एक वर्ग आपल्या पुण्यातही भरतो. भारतीय हवामान खात्याची पाषाणची प्रशिक्षण संस्था १९८६ पासून जागतिक हवामान संघटनेचं मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्र आहे. मालदीवसारख्या बेटदेशातले आणि आशिया-आफ्रिकेतल्या इतर देशांतलेही लोक तिथे शिकून गेले आहेत. पाषाण रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल की आत कुणीतरी हिंदी महासागरातल्या आपल्या बेटासाठी मोसमी वाऱ्यांची गणितं सोडवत बसलेलं असू शकतं?

पूर्ण हवामानतज्ज्ञ व्हायला काय शिकावं लागतं, हे जागतिक संघटनेने ठरवून दिलं आहे : कलनशास्त्र, भौतिकी, वातावरणाची गतिकी, नकाशांवरून विश्लेषण. पदवीच्या तोडीचं हे शिक्षण आहे. विमानतळासाठी अंदाज देणाऱ्याला ते डिसेंबर २०१६ पासून बंधनकारक झालं. ज्या बेटाला पर्यटक, औषधं आणि टपाल विमानाने मिळतं, त्याला ही अट बाजूला ठेवून चालत नाही. अडचण इथेच आहे. कार्यालयात अंदाज देणारी पाच-सहा माणसं असतील आणि पाळ्या चोवीस तासांच्या असतील, तर एकाला वर्षभर परदेशी पाठवलं की उरलेल्यांची झोप जाते. दोघांना पाठवलं, तर रात्रपाळीची खुर्चीच रिकामी. देणगीदार देश विमानाचं तिकीट, शुल्क आणि विद्यावेतन देतात. मागे राहिलेल्या खुर्चीवर बसणाऱ्याचा पगार मात्र बहुतेकदा बेटाच्या सरकारला शोधावा लागतो. शिकून आलेल्या माणसाला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पगारांचं आकर्षण असणं स्वाभाविक आहे; त्याला दोष देता येत नाही.

यंत्राला पैसे मिळणं त्यामानाने सोपं असतं. रडारचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत त्याचे सुटे भाग गंजतात, तोवर प्रकल्पाची मुदत संपलेली असते. हे जगाच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत गरीब आणि बेटदेशांच्या इशारा यंत्रणांसाठी ‘क्रूज’ नावाचा निधी सुरू झाला. २०२१ मध्ये निरीक्षणांसाठी ‘सॉफ’ हा निधी जाहीर झाला. त्याची रीत मला विशेष शहाणपणाची वाटते. तो फक्त यंत्र देऊन मोकळा होत नाही, आकडे खरोखर येत राहिले तर चालवण्याचा खर्चही पुरवतो. जो फुगा अख्ख्या जगाच्या अंदाजाला लागतो, त्याचा खर्च एकट्या किरिबाटीने का सोसावा, हा न्याय त्यामागे आहे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी २०२७ अखेर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसापर्यंत धोक्याचा इशारा पोचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्याचा पाच वर्षांचा अंदाजे खर्च ३.१ अब्ज डॉलर. प्रशांतातल्या देशांनी स्वतः आखलेल्या दहा वर्षांच्या ‘वेदर रेडी पॅसिफिक’ कार्यक्रमाचा खर्च १६.७ कोटी डॉलर धरलेला आहे आणि त्यात माणसं घडवण्याला ठळक जागा आहे. ज्यांच्या अंगावर वादळ येतं त्यांनीच ही मागणी लिहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चोवीस तास आधी मिळालेल्या इशाऱ्याने नुकसान ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतं, असं जागतिक अनुकूलन आयोगाने २०१९ मध्ये मांडलं होतं. या हिशेबात १६.७ कोटी डॉलर ही रक्कम मोठी नाहीच.

शिकलेल्या माणसाचं काम नकाशा वाचून संपत नाही, हे वनुआतूत दिसतं. ऐंशीहून जास्त बेटं, शंभराहून जास्त बोली. तिथल्या हवामान खात्याने देशाचा आणि आसपासच्या समुद्राचा एक नकाशा चौकोनांत आखला आहे. एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला अंक. वादळ आलं की अक्षांश-रेखांशांबरोबर सांगितलं जातं, वादळ अमुक अक्षर, तमुक अंकाच्या चौकोनात आहे. रेडिओ ऐकणारा शेतकरी भिंतीवरच्या नकाशात तो चौकोन शोधतो, तिथे खूण करतो आणि पुढच्या बातमीपत्रानंतर दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की दिशा त्याची त्यालाच दिसते. हे इशारे बिस्लामा, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत निघतात. खात्याने गावोगावचं जुनं शहाणपणही नोंदवायला घेतलं आहे : आभाळाच्या, झाडांच्या, पक्ष्यांच्या खुणा. फिजीत, सामोआत विलायती फणसाला भरघोस बहर आला, तर वादळांचं वर्ष असं म्हातारी माणसं म्हणतात. आजोबांच्या तोंडून ऐकलेली खूण आणि उपग्रहाचं चित्र एकाच इशाऱ्यात आलं, तर गाव लवकर हलतं. ‘पॅम’च्या वेळी ताशी २५० किलोमीटरचे वारे होते, घरंच्या घरं उडाली, आणि तरी अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या वनुआतूत मृतांची संख्या वीसच्या आत राहिली.

कोणत्या शब्दांत सांगितलं की माणसं घर सोडतात, कोणत्या गावात आधी सरपंचाला फोन करायचा आणि कुठे पाद्रीबुवांना, किती वेळा ‘कदाचित’ म्हटलं की लोक ऐकणं सोडतात, हे बार्बाडोसच्या, होनोलुलूच्या किंवा पाषाणच्या वर्गात शिकवता येत नाही. ते आपल्याच कार्यालयात, वादळाच्या रात्री, जुन्या माणसाच्या शेजारी बसून शिकायचं असतं. म्हणून प्रशिक्षणाचा निधी मंजूर करताना विद्यार्थ्याच्या तिकिटाबरोबर त्या जुन्या माणसाचा पगारही धरायला हवा, आणि तो निवृत्त होण्याआधी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असायला हवं.